श्रीफळाला हेडर

सरोज कोठावदेला राग यायला कारण लागत नाही, असं नाशिकला तिच्या सासरची माणसं म्हणायची. पण त्या दिवशी कारण होतं, आणि चांगलं हत्तीएवढं होतं. मुलींच्या फुटबॉल टीमच्या पालकांच्या ग्रुपवर राजाभाऊंचा मेसेज आला होता. ‘पालक बंधू-भगिनींनो, अत्यंत खेदाने कळवावे लागते की आपले कोच मद्यप्राशन करून मैदानावर येतात. पुरावा सोबत जोडला आहे.’

पुरावा म्हणजे मोबाइलवर घेतलेला व्हिडिओ. त्यात मॅक कोच मैदानावर प्लास्टिकचे शंकू एका ओळीत मांडत होता. मांडून झाले की गोळा करत होता, आणि पुन्हा त्याच जागी मांडत होता. मग त्याचा झोक गेला आणि त्याने गोलपोस्टला धरलं. शेवटी त्याने टीममधल्या हिबाला भलत्याच नावाने हाक मारली. खाली पालकांची जत्रा भरली होती. ‘तरीच जीभ अडखळते’, ‘स्कॉटलंडचा माणूस, दुसरं काय असणार’, ‘मुलींच्या सेफ्टीचं काय’, आणि हसणारे पिवळे चेहरे.

“जीभ अडखळते म्हणे!” सरोज ओट्याशी एकटीच ओरडली. “त्याचं बोलणं तुम्हाला एरवी तरी कधी कळलं होतं?”

ते खरंच होतं. मॅक कोच इंग्रजी बोलतो, हे पालकांनी केवळ विश्वासावर मानलं होतं. ते कळायचं फक्त मुलींना. सरोजची अकरा वर्षांची नुपूर तर त्याची नक्कल करण्यात पटाईत होती.

सरोजला संताप आला तो मेसेजचा कमी आणि मेसेज लिहिणाऱ्याचा जास्त. राजाभाऊ म्हणजे इथल्या, आखातातल्या दोह्यातल्या मराठी मंडळींचे हौशी पुढारी. गॅस प्लांटवर मोठ्या हुद्द्यावर, पण खरा जीव माइकमध्ये. कुणाचा वाढदिवस असो की निरोपसमारंभ, राजाभाऊ हातात कागद घेऊन उभे. गेल्या हिवाळ्यात त्यांनीच मॅक कोचचा जाहीर सत्कार घडवून आणला होता. शाल, श्रीफळ, पुष्पगुच्छ, सगळं यथासांग. इंटरनेटवरून उतरवलेला परिचय त्यांनी मराठीत वाचला होता: “विश्वचषक गाजवणारे, स्कॉटलंडचे पोलादी बचावपटू, श्रीमान ॲलिक मॅकवर्टर!”

मॅक समोर खुर्चीत शाल पांघरून बसला होता, आणि अक्षरही न कळता प्रत्येक वाक्याला मान डोलवत होता. नुपूर आईच्या कानाशी कुजबुजली होती, “आई, ही नेव्हर प्लेड इन द वर्ल्ड कप. ही ओन्ली सॅट ऑन द बेंच. ही टोल्ड अस.”

मुलींना त्याने सगळंच सांगितलं होतं. कोळशाच्या खाणीचं गाव, खाणीतून येऊन थेट गुत्त्यात जाणारा बाप, कपडे वाळत घालायच्या दोरीला बांधलेला चेंडू. मॅक उंच होता म्हणून त्याला बचावफळीच्या मधोमध उभा केला. समोरच्याने उंच मारलेला प्रत्येक चेंडू डोक्याने परत पाठवायचा, हीच त्याची नोकरी. एकाच लहानशा क्लबसाठी त्याने ती जन्मभर केली. सरावाला जुने चामड्याचे चेंडू असायचे. तिकडच्या पावसात ते पाणी प्यायचे आणि दगड व्हायचे. मॅनेजर म्हणायचा, मी थांब म्हणेपर्यंत डोकं मारत राहा, आणि मग चहा प्यायला निघून जायचा. देशाकडून त्याला मोजके सामने मिळाले. वर्ल्डकपला नेलं, बाकावर बसवलं, परत आणलं. गावाने तरी बँड लावून स्वागत केलं, हे सांगताना तो अजून लाजायचा.

सत्काराच्या शेवटी राजाभाऊंना एक कल्पना सुचली होती. त्यांनी श्रीफळ मॅकच्या कपाळाला टेकवलं आणि फोटोग्राफरला म्हणाले, “हं, घ्या! श्रीफळाला हेडर!” हॉल हसून लोटपोट झाला. मॅकही हसला होता. नारळ कपाळाशी धरून, हाताने शाल सावरत. तोच फोटो मुलींच्या फुटबॉल ॲकॅडमीच्या मॅनेजरने, सबनीस नावाच्या पुण्याच्या गृहस्थाने, मैदानाच्या कुंपणावर फ्लेक्स करून लावला होता. खाली मोठ्या अक्षरांत ‘हेडिंग मास्टरक्लास’.

आणि आता तोच माणूस दारुडा!

सरोजने गॅस बंद केला आणि सायराला फोन लावला. सायरा हिबाची आई. मूळची रत्नागिरीकडची, नवरा फुजैल, हमद बंदरावर नोकरीला. दोघी आळीपाळीने मुलींना मैदानावर सोडायच्या.

“सायरा, तू ग्रुप बघितलास?”

“बघितला वहिनी. तो मानूस दारूला शिवत पन नाय गो.”

“तुला काय माहीत?”

“आमच्याच बिल्डिंगीत ऱ्हातो तर काय! चौथ्या माळ्यावर. पन येतो तिसऱ्यावर, आन् आमच्या दाराच्या कुलपात चावी फिरवत बसतो. पयल्यांदा मी घाबरले. आता दार उघडते, बसवते, चाय देते. कधी घावने असले तर घावने. मग हिबाला सांगते, जा बाय, अंकलना वर सोडून ये.”

सरोज खाली बसली. “किती दिवस चाललंय हे?”

“रमजानपासून तरी.”

“आणि तू गप्प बसलीस?”

“मानसाची इज्जत असते ना वहिनी. चावी चुकली म्हनून काय गावभर ओरडायचं?”

सरोजला तिची आई आठवत होती. भाजीत दोनदा मीठ घालणारी, शेवटी शेवटी दारात उभ्या लेकीला “बाई, कोण पाहिजे?” विचारणारी. तो व्हिडिओ तिने पुन्हा लावला. शंकू मांडायचे, उचलायचे, पुन्हा मांडायचे. आई अशीच वाट्या मांडायची. सरोजला आता तो हसणारा पिवळा चेहरा पाठवणाऱ्या प्रत्येकाच्या कानाखाली जाळ काढावासा वाटला.

“आई,” नुपूर दारातून म्हणाली. तिने सगळं ऐकलं होतं. “दे आर अँग्री बिकॉज ऑफ सॅटरडे. नॉट बिकॉज ऑफ धिस.”

शनिवारची गोष्ट सरोजला तेव्हा पहिल्यांदा कळली. ॲकॅडमीचा मोठा सामना तोंडावर आला होता. सबनीसने मुलींना रांगेत उभं केलं, पिशवीभर चेंडू आणले आणि मॅकला सांगितलं की आज फक्त हेडर घ्या. मॅकने एक चेंडू उचलला, खूप वेळ हातात फिरवला, आणि लाथ मारून कुंपणापलीकडे घालवला. मग दुसरा. मग तिसरा. “नो हेड्स,” तो म्हणत होता, “नो मोअर हेड्स.” राजाभाऊ त्या वेळी कुंपणाला टेकून उभे होते. त्यांची धाकटी लेक टीमची स्ट्रायकर. त्यांचा पारा तिथेच चढला होता.

म्हणजे हेडर शिकवत नाही म्हणून कोच नको झाला, आणि नको झाला म्हणून दारुडा ठरला. सरोजला हे कळलं तशी ती ताडकन उठली. दोह्यात असा ठपका लागला की माणसाला परत तोंड दाखवायला जागा उरत नाही. मुलींच्या मैदानावर पिऊन आला म्हणून हाकलला, एवढंच मॅक कोचच्या नावापुढे राहणार. ती सगळी कारकीर्द, तो पाऊस, तो बँड, सगळं त्या एका ओळीखाली पुसलं जाणार.

शुक्रवारी दुपारच्या नमाजानंतर बिन महमूद भागातल्या एका रेस्टॉरंटच्या वरच्या हॉलमध्ये पालकांची मीटिंग ठरली. सत्कार झाला होता तोच हॉल. तेच टेबल, तोच निळा पडदा. पालकांबरोबर मुलीही आल्या होत्या, बाजूला घोळका करून उभ्या होत्या. सबनीसने तक्रारअर्ज तयार आणला होता, फक्त सगळ्या पालकांच्या सह्या व्हायच्या होत्या. “अर्ज एकमुखाने गेला तर ॲकॅडमीला ॲक्शन घ्यायला सोपं जाईल,” तो म्हणाला. “मी कोचनाही बोलावलंय. उद्या कुणी म्हणायला नको की बाजू मांडू दिली नाही.”

आणि मॅक कोच आला.

त्याला पाहताच सायराने सरोजचा दंड घट्ट धरला. मॅकने पांढरा शर्ट घातला होता, केस पाण्याने चापून बसवले होते, आणि खांद्यावर ती शाल घेतली होती. सत्काराची शाल. नीट घडी घालून, राजाभाऊंनी त्या दिवशी पांघरली होती तशीच.

मॅकने सगळ्यांकडे बघून मान लववली, पुढच्या खुर्चीत जाऊन बसला आणि गुडघ्यांवर हात ठेवून वाट पाहू लागला. तोच हॉल, तीच माणसं, समोर हातात कागद घेतलेले तेच राजाभाऊ. आपला पुन्हा सत्कार आहे, अशीच त्याची समजूत झाली होती.

कुणालाही लाज वाटायला एवढं पुरे होतं. पण राजाभाऊंच्या हातात कागद आला की त्यांना दुसरं काही दिसत नाही. त्यांनी घसा खाकरला आणि अर्ज वाचायला घेतला. “सदर कोच हे मद्याच्या अमलाखाली असतात... त्यांची चाल व वाणी यांवर ताबा नसतो... आमच्या मुली त्यांच्या हाती सुरक्षित नाहीत...”

आणि मॅक प्रत्येक वाक्याला मान डोलवत होता. मागच्यासारखीच. ‘सुरक्षित नाहीत’ला त्याने हलकेच स्मित केलं. वाचन संपलं तसा तो उठला, राजाभाऊंनीच शिकवला होता तसा दोन्ही हात जोडून सगळ्यांना नमस्कार केला, आणि श्रीफळ घ्यायला हात पुढे केला.

सरोज उभी राहिली. खुर्ची मागे पडली.

“द्या ना!” ती राजाभाऊंना म्हणाली. “द्या त्यांना नारळ! हात पुढे करून उभेत ते. कुणी आणलाय की नाही? की फक्त कपाळावर आपटायलाच आणायचा असतो?”

“ताई, तुम्ही शांत व्हा. हा भावनेचा प्रश्न नाही.”

“भावनेचा नाही, लाजेचा आहे! तुम्हाला असेल थोडी तर! ज्या हाताने शाल घातलीत, त्याच हाताने हे वाचता? आणि तेही त्यांना न कळणाऱ्या भाषेत? दारू पितात म्हणता. वास आला का कुणाला? कुणी पिताना पाहिलंय? उठा, ज्याने पाहिलंय त्याने उठा.”

कुणी उठलं नाही. मागच्या रांगेतून एक जण पुटपुटला, “व्हिडिओ आहे की.”

“माझी आई सात वर्षं अशीच चालायची,” सरोज म्हणाली. “ती माऊली चहासुद्धा अर्धा कप घ्यायची. म्हातारं माणूस विसरतंय, धडपडतंय, हे तुम्हाला ओळखू येत नाही? तुमच्या घरात कुणी म्हातारं झालंच नाही का? की त्यांना गावी ठेवून आलात म्हणून दिसलं नाही?”

हा घाव बऱ्याच जणांना बसला. राजाभाऊ खाली बघू लागले. सबनीस मध्ये पडला, “मॅडम, प्लीज. आजारी असतील तर तसं सांगायचं होतं त्यांनी.”

“तुमाला दिसत नव्हतं काय?” सायरा उठली. चारचौघांत ती कधी बोलत नसे. “रोज तुमच्या मैदानावर असतो तो मानूस. आमच्या बिल्डिंगीतल्या वॉचमनला कळलं, तुमाला नाय कळलं? तुमाला फक्त फोटो पायजे होता त्याचा.”

मॅक उभाच होता. पुढे केलेला हात त्याने सावकाश मागे घेतला. कुणाचा तरी नूर बिघडलाय एवढं त्याला समजलं होतं. त्याने मुलींच्या घोळक्यात नुपूरला शोधलं आणि विचारलं, काय चाललंय?

नुपूरने आईकडे पाहिलं. सरोजने होकाराची मान हलवली. मग नुपूरने त्याला सांगितलं. काहीच लपवलं नाही.

मॅकने शाल खांद्यावरून काढली. तिची घडी घातली. घडी वाकडी झाली म्हणून पुन्हा घातली. मग तो बोलू लागला, आणि नुपूर एकेक वाक्य साध्या इंग्रजीत, अडली की तोडक्यामोडक्या मराठीत, मोठ्यांना सांगू लागली.

“कोच म्हणतात, मी दारू कधी प्यालो नाही. माझ्या डॅडने आमच्या घरातली सगळी पिऊन टाकली. मला उरलीच नाही.”

कुणी हसलं नाही.

“कोच म्हणतात, आमच्या टीममध्ये मागे चार जण होते. एकाला लास्टला बायको ओळखू यायची नाही. तो गेला. दुसरा पण गेला. तिसरा कोचना फोन करून विचारतो, आज मॅच किती वाजता आहे. आणि चौथे कोच.” नुपूरला मराठी शब्द सुचेना. “डॉक्टर म्हणाले, इट्स द बॉल. डोक्यावर मारून मारून. त्यांच्या देशात आता आमच्याएवढ्या मुलांना प्रॅक्टिसमध्ये हेडर मारू देत नाहीत. त्यांनी सबनीस सरांना सांगितलं होतं. सर म्हणाले, फ्लेक्स लागलाय आता.”

सगळ्यांनी सबनीसकडे पाहिलं. त्याने मोबाइल काढला आणि त्यात डोकं घातलं.

मॅकने शेवटचं वाक्य नुपूरची वाट न पाहता स्वतःच म्हटलं, इतकं सावकाश, की पहिल्यांदाच सगळ्या पालकांना त्याचं इंग्रजी कळलं. या मुलींची डोकी चांगली आहेत, तो म्हणाला. राहू द्या तशीच.

अर्जावर एकही सही झाली नाही. राजाभाऊंनी तो घडी करून खिशात घातला. मॅक आता मायदेशी, आपल्या मुलीकडे राहायला परत जाणार हे ठरलं. सरोजने तिथेच सबनीसकडून कबूल करून घेतलं की कोच आजारपणामुळे परत जातायत असंच ॲकॅडमी सांगेल, कुंपणावरचा फ्लेक्स उतरेल, आणि जाण्याआधी शेवटच्या सामन्याला कोच म्हणून मॅकच बाकावर बसेल. सबनीस सगळ्याला हो म्हणाला. फ्लेक्स मात्र सरोज आणि फुजैलने स्वतःच जाऊन काढला, कारण सबनीसचा माणूस ‘इन्शाल्ला, बुकरा’ म्हणत उद्यावर ढकलत राहिला.

पण सुंभ जळला तरी पीळ जात नाही. सामन्याच्या दिवशी राजाभाऊ पहिल्या रांगेत होते, आणि त्यांचं म्हणणं ठाम होतं. “त्यांचं आजारपण कबूल आहे ताई. वाईट वाटतं. पण म्हणून आपल्या मुलींनी हेडरच मारायचा नाही, हे अतीच झालं. एखाद्याने काय होतंय?”

“तुमच्या डोक्यावर मारून बघा,” सरोज म्हणाली.

सामना बरोबरीत होता. शेवटची काही मिनिटं उरली होती. कॉर्नरवरून चेंडू आला, उंच, गोल फिरत, नुपूरच्या अगदी डोक्याच्या वर. समोर गोल मोकळा होता. राजाभाऊ खुर्चीवर चढून ओरडले, “हेड! नुपूर, हेड मार!” मागोमाग सगळे ओरडायला लागले. “हेड! हेड!” क्षणभर सरोजच्याही तोंडात तो शब्द आला, आणि तिने ओठ आवळून तो आत अडवला.

नुपूरने वर पाहिलं. आणि ती बाजूला झाली. चेंडू तिच्या खांद्याशेजारून गेला, समोरच्या टीमने तो ताब्यात घेतला, पळत नेला आणि पलीकडे गोल केला. शिट्टी वाजली. खलास.

“गेली मॅच!” राजाभाऊ खाली उतरले. तणतणत ते बाकापाशी आले. सरोज तिथे मॅकच्या शेजारी उभी होती. “आयती संधी होती ताई! नुसतं डोकं लावायचं होतं! कुणी शिकवलं तिला बाजूला व्हायला?”

मॅक त्यांच्याकडे पाहतच नव्हता. तो मैदानावर हात कमरेवर ठेवून उभ्या असलेल्या नुपूरकडे टक लावून बघत होता. त्याचा चेहरा उजळला होता.

“ती पोरगी,” तो हळूच म्हणाला. सरोजला आता त्याचं बोलणं कळू लागलं होतं. “ती हुशार आहे. एवढे लोक ओरडत होते, तरी तिने ऐकलं नाही. कोण आहे तिचा कोच? भला माणूस असणार.”

रडू यायच्या आधी सरोजला राग आला. ती राजाभाऊंकडे वळली.

“सांगा त्यांना.”

“मी?”

“तुम्हीच. भर हॉलमध्ये त्यांचा परिचय वाचलात ना? वर्ल्डकप गाजवला म्हणालात, जो ते खेळलेच नाहीत. दारू पितात म्हणालात, जिला ते शिवले नाहीत. आता एक खरं आहे, तेवढं सांगा. त्यांनी विचारलंय, कोण आहे तिचा कोच.”

राजाभाऊंच्या हातात कागद नव्हता. समोर माइक नव्हता. मॅक उत्सुकतेने त्यांच्या तोंडाकडे पाहत होता, सत्काराच्या दिवशी पाहत होता तसाच, मान डोलवायला तयार. राजाभाऊंचे डोळे भरून आले. मग ते त्याच्यासमोर खाली वाकले.

“यू, सर,” ते म्हणाले. “यू.”

मॅकने मान डोलवली.